विहीणबाईंचा हसरा गुच्छ

माझ्या विहीणबाई दातांच्या डॉक्टर आणि आमचं चष्म्याचं दुकान. त्या लोकांना तोंड उघडायला लावायच्या, आम्ही डोळे. एकमेकींशी मात्र आम्ही कधी तोंड भरून बोललो नाही की डोळे भरून एकमेकींकडे पाहिलं नाही. आमचं सगळं वैर फुलांतून चाललं, तेही पिवळ्याधमक, खळाळून हसणाऱ्या फुलांतून. आजकाल माणसं फोनवर बोटं आपटून भांडतात. त्यात मजा नाही. भांडण दारात यायला हवं, पारदर्शक कागदात गुंडाळून, वर रिबीन बांधून.

आमच्या चौकात, औषधांच्या दुकानाला लागून, एका बाईंचं फुलांचं दुकान होतं. त्यांना सगळे फुलवालीबाईच म्हणत. बुटक्या, गोऱ्या, कमरेला ओल्या फडक्याचा बोळा खोचलेल्या. गुच्छ तीनच प्रकारचे करायच्या. प्रेमात पडलेल्यांसाठी 'लाजरा', मयतासाठी 'गंभीर' आणि बाकी साऱ्या जगासाठी 'हसरा'. हसऱ्यात पिवळे आणि नारिंगी जरबेरा, मधे पांढरी शेवंती आणि कडेनं हिरवा पाला. फोन करून सांगितलं की बाईंचे यजमान स्कूटरवरून घरपोच नेऊन देत. त्या गृहस्थांचा चेहरा मी कधी पाहिला नाही. हेल्मेट काढायचे नाहीत, बोलायचे नाहीत, गुच्छ पुढे करायचे आणि आपण घेतला की वळायचे. गुच्छात कागदाचं एक मोठं फूल खोवलेलं असे. त्याच्या मधल्या गोलात, म्हणजे गाभ्यात, बाई स्केचपेननं टपोऱ्या अक्षरांत निरोप लिहीत.

पहिला हसरा मला आला तो माझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर. तेव्हा हे होते. यांनीच गुच्छ माझ्या हातात दिला आणि मला दिसत नव्हतं म्हणून निरोप वाचून दाखवला.

"डोळे उघडा."

"पुढे?"

"पुढे काही नाही. एवढंच आहे."

"कुणाकडून?"

"दातांकडून," हे म्हणाले. आमच्या घरात विहीणबाईंना दात म्हणत.

मुलीच्या लग्नाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. तिच्या सासूनं तिला स्वयंपाक येत नाही म्हणून चार माणसांत टोमणा मारला होता आणि त्यावर मीही माझं तोंड सोडलं होतं. त्यानंतर हे. डोळे उघडा! पट्टी बांधून पडलेल्या बाईला! मी गुच्छ कचऱ्यात टाकायला निघाले, तर यांनी तो माझ्या हातून काढून घेतला आणि दुकानातल्या आरशासमोर ठेवला. "फुलांनी काय केलंय?" म्हणाले. यांचं असंच असायचं. गिऱ्हाईकाला चष्मा लावून झाला की विचारायचे, जग बरं दिसतंय का? जसं काही जग यांनीच घासूनपुसून ठेवलंय.

पण तेव्हापासून एक गोष्ट माझ्या पक्की लक्षात आली. हसऱ्या गुच्छावर रागावता येत नाही. कुणी शिवी दिली तर चारचौघांना सांगता येतं. फुलं पाठवली तर गाऱ्हाणं घेऊन जायचं कुणाकडे? "बघा हो, मला फुलं पाठवली" म्हटलं तर लोक म्हणतील, नशीबवान आहात. हत्यार असावं तर असं. मीही ते उचललं.

विहीणबाईंनी दवाखाना बंद केला त्या दिवशी मी हसरा पाठवला. त्यांच्या सुनेनं, म्हणजे माझ्याच मुलीनं, संध्याकाळी मला फोन केला. "आई, काय लिहिलंस? आई दिवसभर जेवल्या नाहीत." ती दोघींनाही आईच म्हणायची. कुठली आई जेवली नाही हे मला आवाजावरून ओळखावं लागे.

"चांगलंच लिहिलंय," मी म्हटलं.

मग त्यांच्याकडून, आमच्या दुकानाला नवी पाटी लागली तेव्हा, 'उशीर झाला'. माझ्याकडून, त्यांच्या घराला रंग दिला तेव्हा, लांबलचक टोमणा. त्यांचे दर वेळी दोनच शब्द. मला वाटे, काय चिंगूस बाई आहे! फुलं भरघोस पाठवते आणि शब्द मोजूनमापून, जसं काही एकेक दात उपटून देतेय. मी मात्र फोनवर फुलवालीबाईंना चांगलं सविस्तर सांगत असे. टोमणा मारायचा तर नीट मारावा.

"आई, सरळ फोन का नाही करत तुम्ही एकमेकींना?" मुलगी म्हणे.

"तिचा आवाज ऐकला की माझी दाढ ठणकते."

"मग त्यांनाच दाखव," जावई मागून म्हणायचे. जावई स्वभावानं गमत्या. आईवर अजिबात गेले नाहीत.

मग हे गेले. त्या वेळी विहीणबाईंकडून फुलं आली नाहीत, त्या स्वतः आल्या. खुर्चीवर ताठ बसल्या, पाणीसुद्धा घेतलं नाही, आणि उठताना म्हणाल्या, "दुकान विकू नका. तुम्हाला रिकामपण झेपणार नाही." झालं. सांत्वन आटोपलं. मी दुकान ठेवलं, पण त्यांनी सांगितलं म्हणून नव्हे. खाली दुकान, वर दोन खोल्या. संध्याकाळी शटर ओढलं की जिन्यात माझ्याच चपलांचा आवाज माझ्याबरोबर वर चढायचा. वर आल्यावर तोही थांबायचा. माझी मुलगी त्याच दुकानात, नजर तपासायच्या तक्त्यावरून अक्षरं शिकली होती. सर्वांत मोठं अक्षर आधी, मग खाली खाली लहान. शेवटच्या ओळीपर्यंत पोचली तेव्हा यांनी तिला खांद्यावर घेऊन चौकात फिरवलं होतं. तो गोंगाट त्या भिंतींना ठाऊक होता. मला तो परत हवा होता, दुसरं काही नको होतं.

आणि तशी संधी आली.

जावयांना एका मोठ्या नदीवरच्या पुलाचं काम मिळालं, आणि त्याच कंपनीत सिमेंट-खडी तपासायच्या प्रयोगशाळेत माझ्या मुलीलाही. काम दोन वर्षांचं. राहायला पत्र्याच्या खोल्या, आसपास शाळा नाही, दवाखाना नाही. दोन्ही मुलींना नेणं शक्य नव्हतं. मोठी आठ वर्षांची, वाळकी, लांब हातापायांची, म्हणून काडी. धाकटी पाचाची, गोल गरगरीत, म्हणून ढब्बू. सगळे विहीणबाईंच्या घरीच राहत होते. घर प्रशस्त, पुढे अंगण. माझ्याकडे दोन खोल्या आणि एक चढा जिना. पण मी म्हटलं, मुली माझ्याकडे राहतील. विहीणबाई म्हणाल्या, मुली जिथे आहेत तिथेच राहतील.

मुलीनं आम्हा दोघींना एकाच दिवशी सारखंच बजावलं. "तुम्ही दोघींनी मिळून ठरवा. सोमवारी वसतिगृहाचे प्रवेश बंद होतात. तोवर तुमचं एकमत झालं नाही तर मी मुलींना तिथे घालते. दोन वर्षं तुमच्या ओढाताणीत मला त्यांना ठेवायचं नाही."

"वसतिगृहात? पाच वर्षांच्या पोरीला?"

"मग ठरवा."

मी यांची कामाची खोली रिकामी केली. काचा घासायचं यंत्र खाली हलवलं, दोन खाटा लावल्या, खिडकीला जाळी बसवून घेतली. तेवढ्यात आला ढब्बूचा वाढदिवस. केक कापून झाल्यावर विहीणबाई सगळ्यांसमोर ढब्बूला म्हणाल्या, "त्या आजीकडे केवढा जिना आहे माहितेय ना? गडगडत खाली येशील."

मघाशीच त्यांच्या हातून चहाचा कप फुटला होता. मी म्हटलं, "कुणाच्या हातून काय पडतंय ते आम्ही बघितलं. मुलगी तरी पडू नका देऊ."

पाहुणे केककडे बघू लागले. विहीणबाईंनी हात पदराखाली घेतले. मुलीनं मला दारापर्यंत सोडायला येऊन एकच वाक्य म्हटलं, "आज तू हरलीस, आई." मला वाटलं होतं मी जिंकलेय.

शुक्रवारी सकाळी दुकान उघडते तोच हेल्मेट दारात. हसरा. एवढा मोठा हसरा मी आजवर पाहिला नव्हता. जरबेरा तर ताटाएवढे. आणि गाभ्यात लिहिलेलं:

'नाती सांभाळा'

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे मला शिकवण! वाढदिवसाला चारचौघांत बोलले म्हणून मला उपदेश, की बाई, नाती कशी सांभाळावीत ते शिका. कोण सांगतंय? जिनं माझ्या मुलीचा स्वयंपाक काढला ती! जिनं पट्टी बांधलेल्या बाईला डोळे उघडा म्हटलं ती! समोर एक गिऱ्हाईक फ्रेम बघत बसलं होतं. त्याच्या नाकावरची फ्रेम तशीच ठेवून मी फोन उचलला.

"फुलवालीबाई, चष्म्याच्या दुकानातून बोलतेय."

"बोला ताई. हसरा?"

"हसराच. आत्ताच्या आत्ता."

"पत्ता दातांचाच ना?"

"त्यांचाच. आणि लिहा, मला असली नाती नकोत."

"बरं," बाई म्हणाल्या. मागे कात्रीचा आवाज येत होता.

फोन ठेवला आणि मला इतकं मोकळं वाटलं की गिऱ्हाईकाला मी फ्रेम कमी किमतीत दिली.

शनिवारी सकाळी मुलीचा फोन. आवाज थंडगार.

"आई, ते तू स्वतः लिहायला सांगितलंस?"

"स्वतः. शब्दन्‌शब्द."

"विचार करून?"

"विचार करूनच. माणसानं किती वर्षं सहन करायचं? मलाही जीव आहे."

"ओझं वाटतं तुला?"

"ओझं नाही तर काय! सुरुवातीपासून ओझंच आहे. मी बोलत नव्हते, इतकंच."

मुलगी म्हणाली, "काडीनं वाचलं ते. मोठ्यानं वाचलं."

"वाचू दे. तिलाही कळू दे एकदा."

"बरं," मुलगी म्हणाली. "मी वसतिगृहाला कळवते. तुला त्रास नको." आणि फोन ठेवला.

वसतिगृह? मी विहीणबाईंना चार शब्द सुनावले, त्यात वसतिगृह कुठून आलं? परत फोन लावला, उचलला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. जावयांना लावला. ते एवढंच म्हणाले, "आई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." जो माणूस आजवर माझ्याशी चेष्टेशिवाय एक वाक्य बोलला नव्हता, तो असं म्हणाला. काहीतरी भलतंच झालं होतं, आणि ते त्या गुच्छात होतं. दुकान तसंच उघडं टाकून मी चौकात गेले.

फुलवालीबाई स्टुलावर बसून कागदाच्या पाकळ्या कापत होत्या.

"काल माझ्या गुच्छात काय लिहिलंत?"

"तुम्ही सांगितलं तेच."

"काय ते सांगा."

"नाती नकोत."

"मी असं सांगितलं होतं? मी म्हटलं, मला असली नाती नकोत!"

"चार शब्द कुठे मावतात ताई?" त्यांनी कापलेलं फूल माझ्या नाकासमोर धरलं. "हा बघा गाभा. दोन शब्द टपोरे बसतात. तिसरा घातला तर मुंग्यांसारखा दिसतो. 'मला' तर मी नेहमीच काढते. पाठवणारा कोण ते आमचे हे दारात सांगतात."

"ते बोलतात?"

"तुमच्याकडे नसतील बोलत. तुम्ही फाडकन दार लावता."

"आणि 'असली' का काढलंत?"

"असली, नसली, भरीचे शब्द हो ते. मुद्दा राहिला ना?"

"मुद्दाच गेला! अहो, असली नाती म्हणजे नातं, सोयरपण! असल्या नाती म्हटलं असतं तर पोरी. ते पुढचं काढलंत आणि खाली राहिलं काय? माझ्या दोन नाती! माझ्या पोटच्या पोरीच्या पोरी, त्या मला नकोत असं लिहून पाठवलंत तुम्ही!"

बाईंची कात्री थांबली. ओठ हलले. दोन्ही वाक्यं त्यांनी मनातल्या मनात म्हणून पाहिली असावीत. मग त्या म्हणाल्या, "अगं बाई."

"आणि मला जे आलं त्याचं काय? 'नाती सांभाळा'चं?"

"त्यांचं तर लांबलचक होतं. तुमच्या नाती तुम्हीच सांभाळा, माझे हात आता चालत नाहीत, मोठीची वेणी घालता येत नाही, असं पुष्कळ. मी म्हटलं, डॉक्टरीणबाई, गाभ्यात बसेल तेवढं घालते. त्या म्हणाल्या, घाला."

मी बादलीला धरून उभी राहिले. बादलीत 'गंभीर'साठी आणलेली पांढरी फुलं होती.

"हातांना काय झालंय?"

"कापतात म्हणे. दवाखाना त्यापायीच बंद केला."

"कशा म्हणाल्या हे? आवाज कसा होता?"

"ताई, मी आवाज नाही लिहीत," फुलवालीबाई जरा दुखावून म्हणाल्या. "एवढी वर्षं तुम्हा दोघींचे हसरे बांधतेय. मला वाटायचं, काय प्रेम आहे या विहिणींचं!"

मी चुकले असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणत नाही. मी चार शब्द सांगितले होते, चारही बरोबर होते. पण चूक कुणाची याला त्या वेळी काडीइतकीही किंमत नव्हती. एक मुलगी मोठ्यानं वाचून बसली होती की तिची आजी तिला नको म्हणाली. आणि वर मी फोनवर म्हटलं होतं, वाचू दे.

विहीणबाईंच्या फाटकाशी पोचले तेव्हा ढब्बू पायरीवर बसून बाहुलीच्या तोंडात चमचा कोंबत होती. मला बघून तिला आनंद झाला. तिला अजून वाचता येत नव्हतं. मागे उभी असलेली काडी मात्र माझ्याकडे न बघता आत गेली आणि आतून कडी लागल्याचा आवाज आला.

विहीणबाई दारात आल्या. हात पदराखाली.

"आज फुलं नाही आणलीत?"

"तोंड आणलंय."

"ते तर नेहमीच असतं बरोबर."

"मला आत येऊ द्या. काडीशी बोलायचंय."

"'नाती नकोत' लिहून पाठवल्यावर आता काय उरलंय बोलायचं? आठ वर्षांची मुलगी आहे ती. मी तिच्या हातून तो कागद ओढून घ्यायला गेले, पण..." त्यांनी वाक्य अर्धं सोडलं.

"मी तसं सांगितलं नव्हतं. मी म्हटलं होतं, असली नाती नकोत. त्या फुलवालीनं शब्द कापले. दोनच शब्द लिहिते ती, गाभा लहान म्हणून."

विहीणबाई सावकाश म्हणाल्या, "असली नाती. म्हणजे माझ्याशी नातं नको."

"हो."

"ते चालेल. मलाही नकोच आहे."

"मग झालं तर."

"म्हणजे दवाखाना बंद केला तेव्हा 'सुटका झाली' आलं होतं, तेही तिनंच कापलेलं?"

"हो. मी सांगितलं होतं, बिचाऱ्या पेशंटांची एकदाची सुटका झाली."

"हे तर त्याहून वाईट आहे."

"तुमचं 'डोळे उघडा' काय होतं?" मी विचारलं.

"ते तेवढंच होतं," विहीणबाई म्हणाल्या. "ते मी दोनच शब्दांत सांगितलं होतं."

मला त्यांची मान पकडावीशी वाटली. पण त्यांनी दारातून अंग बाजूला घेतलं आणि मी आत गेले.

माझी मुलगी टेबलाशी बसली होती. समोर वसतिगृहाचा अर्ज, अर्धा भरलेला. तिनं सगळं ऐकलं होतं. डोळे सुजलेले होते. "तुम्ही दोघी," ती म्हणाली, "एकदा तरी फोन उचलला असता! एकदा!" मग पेन ठेवून म्हणाली, "मला सांगून काही उपयोग नाही आता. काडी म्हणतेय तिला वसतिगृहातच जायचंय. तिथे निदान कुणी नको म्हणणार नाही, म्हणते. तिला पटवा. तिला पटलं तर मी अर्ज फाडते. नाही पटलं तर सोमवारी देऊन येते."

मी खोलीच्या बंद दाराशी गेले. विहीणबाई माझ्यामागे येऊन उभ्या राहिल्या. बोलावलं नव्हतं कुणी.

"काडी, दार उघड."

"नाही."

"मी तसं म्हटलं नव्हतं. फुलवालीबाईंनी चुकीचं लिहिलं."

"तू फोनवर म्हणालीस," दाराआडून आवाज आला. "आईनं विचारलं ओझं वाटतं का, तर तू म्हणालीस सुरुवातीपासून ओझंच आहे. मी ऐकलं. स्पीकर चालू होता."

"ते तुझ्याबद्दल नव्हतं. या आजीबद्दल होतं."

"ही आजी ओझं आहे?"

मी मागे पाहिलं. विहीणबाई दाराकडे बघत म्हणाल्या, "तिच्या मते, हो."

"आणि तुझ्या मते ती?"

"डोकेदुखी. जुनाट."

काडी म्हणाली, "तुम्ही दोघी आता मिळून खोटं बोलताय. मला बरं वाटावं म्हणून."

तिथे बसून मी तिला नातं आणि नात यांचं व्याकरण सांगितलं असतं तरी तिनं कशाला मानावं? ज्या माणसाचे शब्द एकदा असे लागले, त्याच्याच शब्दांनी ते कसे निघणार? मी नुसती त्या दाराच्या फळीवर हात ठेवून उभी राहिले.

तेव्हा विहीणबाई पुढे झाल्या. त्यांनी मला कोपरानं बाजूला सारलं. चांगलं लागलं.

"ऐक गं," त्या दाराला म्हणाल्या. दवाखान्यातला आवाज. "ही बाई भांडकुदळ आहे. तोंडाळ आहे. एवढ्या वर्षांत तिनं मला वाट्टेल ते ऐकवलंय. मी आजारी असताना ऐकवलंय, माझ्या घरात माझा चहा पिऊन ऐकवलंय. पण मला बरं वाटावं म्हणून तिनं आजवर एक शब्द उच्चारलेला नाही. एक नाही. गोड खोटं तिला येतच नाही. तू तिला नको असतीस ना, तर तिनं इथे येऊन तुझ्या तोंडावर सांगितलं असतं आणि वर चहा मागितला असता. ती म्हणतेय मुली हव्यात, म्हणजे हव्या आहेत. माझ्यावर विश्वास ठेव. मला ती अजिबात आवडत नाही."

मला संतापावं की नाही ते कळेना. टेबलाशी माझी मुलगी तोंडावर हात दाबून बसली होती. हसत होती की रडत, मी पाहिलं नाही.

कडी निघाली. दार जरासं उघडलं आणि फटीत काडीचा एक डोळा आणि सुटलेली वेणी दिसली.

"आणि परत चिडलीस तर?" तिनं मला विचारलं.

"चिडेन. रोज चिडेन. तू दूध सांडशील, अभ्यास करणार नाहीस, ढब्बूला चिमटे काढशील. मी आरडाओरडा करीन."

"मग नको म्हणशील?"

"नाही. ओरडेन आणि जेवायला वाढेन. घर तुझंच आहे. फार झालं तर मला बाहेर काढ."

ती विहीणबाईंकडे बघून म्हणाली, "तू एकटी राहशील?"

"मला शांतता मिळेल," विहीणबाई म्हणाल्या. "किती वर्षांत मिळालेली नाही." पण त्यांच्या पदराखाली काहीतरी सारखं थरथरत होतं, आणि या वेळी मी तिकडे बघितलं नाही.

माझी मुलगी उठली. अर्ज फाडला नाही तिनं, घडी घालून पर्समध्ये ठेवला. "सोमवार संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ असू दे," म्हणाली. "दोन दिवस बघते." तिचं बरोबर होतं. मीही तेच केलं असतं.

काडीनं आपले कपडे स्वतः भरले. मी बॅग उचलायला गेले तर तिनं माझ्या हातून ओढून घेतली. मला ती आजीही म्हणाली नाही, अगंही म्हणाली नाही. ते पुढे कितीतरी दिवस तसंच चाललं, आणि मी मागितलंही नाही. ढब्बूला बाहुली आणि बाहुलीचा चमचा एवढंच सामान. फाटकाबाहेर काडी पुढे, तिच्यामागे बॅग धरायला धडपडणारे जावई, त्यांच्यामागे ढब्बूचं बोट धरून मी.

"जिन्यावर धाकटीला कडेला नका चालू देऊ!" विहीणबाई दारातून ओरडल्या. "आणि मोठीला झोपताना दात घासायला लावा!"

"मला शिकवू नका!" मी मागे न वळता ओरडले.

"कुणीतरी शिकवायलाच हवं! रविवारी येऊन बघणार आहे मी!"

"या! जिना चढवला तर या!"

काडी थांबली. वळून तिनं आधी तिकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाली, "हळू बोला ना दोघी. लोक बघतायत."